आता कान वाजत नाहीत, म्हणजे ते पक्के झाले का?

प्रश्न विचारणारे भाऊ ब्रह्मपुरीकडच्या गावातले, वय २३, पोलीस भरतीची तयारी करताहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चार-पाच वर्षांपासून वरात, गणपती, देवी, भीमजयंती, जिथे डीजे तिथे ते. मित्राचाच डीजे असल्यामुळे कधी हौसेने गाडीवर मिक्सरजवळही बसतात. सुरुवातीला डीजेनंतर दोन दिवस कानात कुईऽऽ वाजायचं, आता वाजत नाही. मित्र म्हणतात, ‘कान पक्के झाले गा.’ मोबाइलच्या ॲपवर तपासलं तर नॉर्मल आलं. पण फोनवर ‘काय म्हणला?’ असं पुन्हापुन्हा विचारावं लागतं. भरतीच्या मेडिकलमध्ये अडचण येईल का आणि डीजे सोडावाच लागेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करतो. औषधपाणी आणि शस्त्रक्रिया हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं काम. पूर्व विदर्भातच काम करतो, त्यामुळे तुमच्यासारखे पोट्टे माझ्याकडे नेहमी येतात, बहुतेक वेळा आईने हाकलून पाठवलेले. मेडिकलचं उत्तर तपासणीशिवाय देता येणार नाही. डीजेचं देता येईल. पण आधी तुमच्या मित्रांच्या त्या वाक्यापाशी थांबू, कारण सगळी गडबड तिथे आहे.

कान पक्का होत नाही. हाताला घट्टे पडतात, कानाला पडत नाहीत. आतल्या कानात गोगलगाईच्या आकाराच्या नळीत प्रत्येक बाजूला साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर पकडून ती नसेला कळवणं हे त्यांचं काम. त्यातल्या १२ हजारांच्या आसपास बाहेरच्या ओळींतल्या, त्या बारीक आवाज मोठा करून देतात. उरलेल्या आतल्या ओळीतल्या, प्रत्यक्ष निरोप पोचवणाऱ्या. जोराच्या आवाजाने त्यांचं काय होतं ते धान पिकवणाऱ्याला सांगायला सोपं आहे. वादळात बांधीतला धान आडवा होतो. काही ताटं दोन दिवसांत उभी होतात, काहींचा कणा मोडलेला असतो. डीजेनंतरचे दडे आणि कुई म्हणजे तो आडवा धान. एक-दोन दिवसांत ऐकू येणं जागेवर आलं, तर बरंचसं उभं झालं. जे मोडलं ते माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. पक्षी आणि मासे यांच्यात केसपेशी नव्याने येतात, आपल्यात नाही.

म्हणून ‘थांबली ना कुई, मग झालं’ असं मी म्हणत नाही. हार्वर्डच्या कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर तपासणीत ऐकू येणं पूर्ववत झालेलं असतानाही केसपेशी आणि नस यांच्यातल्या जोडण्यांपैकी बऱ्याच कायमच्या तुटलेल्या होत्या. माणसात हे नेमकं किती होतं यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण तपासणीचा कागद चांगला असूनही ‘गर्दीत बोललेलं समजत नाही’ म्हणणारे तरुण मला भेटतात, त्यामुळे मी तो मुद्दा झटकून टाकत नाही.

मग तुमची कुई बंद का झाली? शक्यता तीन-चार आहेत. एक, हल्ली तुम्ही पूर्वीसारखे थेट डब्यांसमोर, म्हणजे स्पीकरसमोर, उभे राहत नसाल. मिक्सरजवळ बसणारा बऱ्याचदा डब्यांच्या मागे असतो, तिथे टॉपचा, म्हणजे वरच्या कर्कश आवाजाचा, मारा कमी पडतो. दोन, कुई होतेच, पण मेंदूने तिच्याकडे लक्ष देणं सोडलं. रात्री पंखा बंद करून शांत खोलीत दहा मिनिटं पडून पाहा, ऐकू येते का ते. तीन, ज्या पट्टीत कान थकायचा त्याच पट्टीत आता कायमची घट झाली आहे. जिथे आधीच कमी झालंय तिथे तात्पुरतं आणखी कमी व्हायला फारसं उरत नाही. ‘सवय झाली’ म्हणणाऱ्यांत ही तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त खटकते. आणि चौथी, खरोखरच काही झालेलं नाही. यातलं तुमचं कोणतं, हे लिहिलेलं वाचून कोणालाही सांगता येणार नाही. लहानपणी कान वाहायचा का, घरात कोणाला तरुणपणीच कमी ऐकू येतं का, कधी मोठ्या आजारात जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस चालली होती का, यावरही ते अवलंबून आहे. त्याच वरातीत, त्याच डब्यासमोर नाचलेल्या दोन भावांपैकी एकाचा कान बिघडतो आणि दुसऱ्याचा नाही, असं होतं.

फोनवर ‘काय?’ म्हणावं लागतं, हे लक्षण मी गंभीरपणे घेईन, पण त्यावरून निष्कर्ष काढणार नाही. आवाजाने होणारी घट सहसा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्टीत सुरू होते आणि ४००० ला सर्वांत खोल असते. याचं एक कारण कानाच्या छिद्राची लांबी, जेमतेम अडीच सेंटिमीटर. ती नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून आत पाठवते. त्या वरच्या पट्टीत स, श, फ, थ यांसारखे अक्षरांचे फुसफुसणारे भाग असतात. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण ‘सात’ म्हणाला की ‘हात’, ते कळत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज आधी निसटतो. असा माणूस मला कमी ऐकू येतं असं कधीच म्हणत नाही. लोक नीट बोलत नाहीत असं म्हणतो.

पण फोनवरचा आवाज मुळातच कापलेला असतो. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचं काही येतच नाही, आणि जंगलाकाठच्या गावातलं नेटवर्क तर तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा आधी घरची परीक्षा करा: एकाच कॉलवर फोन उजव्या कानाला, मग डाव्या कानाला. दोन्हीकडे सारखाच अस्पष्ट असेल तर नेटवर्क असू शकतं. एकीकडे स्पष्ट आणि दुसरीकडे नाही, तर तो कान दाखवायलाच हवा. आणि अशा वेळी बऱ्याच लोकांच्या कानात नुसता मळ निघतो, हेही सांगून ठेवतो. तो डॉक्टरांकडून काढा. काडी, किल्ली, हेअरपिन, कापसाची कांडी काहीच नको, कांडी तर मळ आत ठासते. लसूण घालून कढवलेलं तेलही नको.

ॲपचं नॉर्मल मी धरत नाही. तुमच्या इअरबडमधून ॲपने सांगितलेला आवाज खरोखर तेवढाच निघतो याची खात्री नसते, घरात पंखा किंवा कूलर चालू असतो, आणि नॉर्मल-नॉट नॉर्मल असं एकच उत्तर देणारं ॲप ४००० वरचा बारीक खड्डा सहज लपवतं. आवाज मोजणाऱ्या मोबाइल ॲपचंही तसंच. डीजेसमोर ते ९५ दाखवतं आणि पोट्टे खुश होतात. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठा आवाज आला की तो तिथेच अडकतो. खरा आकडा त्याच्या वर असतो.

आता डीजेकडे. मोठ्या डीजेच्या समोर १०० ते ११० डेसिबल ही काही अतिशयोक्ती नाही. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही: दर ३ डेसिबलला कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ‘आवाज जरासा वाढवला’ हे कानाच्या हिशोबात जरासं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने मौजेच्या ऐकण्यासाठी आठवड्याचा जो कोटा धरला आहे तो असा: ८० डेसिबलला ४० तास, ९० ला ४ तास, १०० ला जेमतेम २० मिनिटं. म्हणजे १०० डेसिबलच्या तीन तासांच्या वरातीत तुम्ही नऊ आठवड्यांचा कोटा संपवता. ही रेषा ओलांडली की त्याच क्षणी कान गेला असं नाही. वर्षात एकदाच नाचणाऱ्याला मी घाबरवणार नाही. पण लग्नसराईत आठवड्याला दोन वराती, आणि तेही पाच वर्षं, हा हिशोब वेगळा.

आणि आपल्याकडे हिशोब डीजेपुरता राहत नाही. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते, झाडीपट्टीची रात्रभराची नाटकं लागतात, मग लग्नं. आणि नेमक्या त्याच दिवसांत धान कापणी-मळणी असते. रात्री दोनपर्यंत डीजे आणि सकाळी सातला हडंब्यावर (मळणी यंत्रावर) किंवा बिनकॅबिनच्या ट्रॅक्टरवर, जिथे चालवणाऱ्याच्या कानाशी ९० च्या आसपास किंवा वरच आवाज असतो. त्यात इंजिनावर मात करून ऐकू यावं म्हणून टेप फुल. थकलेल्या कानाला सावरायला शांत तास लागतात, ते मिळतच नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांमध्ये नुसत्या डीजेने बिघडलेले कमी, हे सगळं एकावर एक रचलेले जास्त. तुम्ही वावरात काय करता ते लिहिलं नाही, पण डीजेच्या दुसऱ्या दिवशी हडंब्याचं काम असेल तर ते दुसऱ्या कोणावर ढकला, किंवा कानात बोळे घालून करा.

बोळे म्हणजे कापसाचे नव्हेत. कापसाने फारसं काही अडत नाही, उलट आपण काळजी घेतली असं वाटून माणूस जास्त वेळ उभा राहतो. फोमचे इअरप्लग घ्या. औषधांच्या मोठ्या दुकानात, सेफ्टी बूट आणि हेल्मेट विकणाऱ्याकडे किंवा ऑनलाइन मिळतात, आणि फार महाग नसतात. पाकिटावर ३० किंवा ३२ डेसिबल लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी मी खूश असतो, कारण १५ डेसिबलने १०५ चे ९० होतात आणि काही मिनिटांच्या जागी काही तास मिळतात. निम्मं का? कारण लोक तो नुसता छिद्राच्या तोंडाशी लावतात. आधी हात धुवा. प्लग बोटांत वळून बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, सुरळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला का ते पाहायला आवाजात उभे राहून दोन्ही तळवे कानांवर दाबा: आवाज अजून खूप कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, फारसा फरक पडला नाही तर बसलाय. फोमने गाणं गढूळ ऐकू येतं ही तक्रार खरी आहे. तुम्ही गाडीवर मिक्सरजवळ बसणारे, तेव्हा फिल्टर असलेले, संगीतासाठीचे प्लग घ्या. महाग पडतात, पण सगळ्या पट्ट्या बऱ्यापैकी सारख्या कमी करतात, गाणं बदलत नाही. तुमच्या मित्राला तर ते सगळ्यांत आधी हवेत. त्याचा तो धंदा आहे आणि कानच त्याचं अवजार. कान बिघडलेला ऑपरेटर टॉप वाढवत जातो, कारण त्यालाच तो कमी ऐकू येतो. मग समोर नाचणाऱ्यांचंही वाटोळं.

लाज वाटते, मित्र हसतात, हे मला माहीत आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत प्रत्येक जण कानाभोवती दुपट्टा गुंडाळून फिरतो. दुपट्ट्याखाली प्लग कोणाला दिसत नाही. नुसत्या दुपट्ट्याने मात्र आवाज अडत नाही.

उभं कुठे राहायचं याला प्लगइतकंच महत्त्व आहे. उघड्या मैदानात डब्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे वेळेचा कोटा चौपट. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो, तिथे एवढा फायदा मिळत नाही, म्हणून वरात गल्लीत शिरली की मागे पडा. छातीत धडधडणारा बेस भयंकर वाटतो, पण कानाला जास्त चावतो तो वरचा कर्कश टॉप आणि हॉर्न. दोन डीजे समोरासमोर लावून कॉम्पिटिशन चालते तिथे मी तुम्हाला मधे उभं राहू नका एवढंच सांगेन, बाकी हिशोब सोडून द्या. तासाभराने १०-१५ मिनिटं लांब जाऊन या. तर डीजे सोडावा लागेल का, याचं माझं उत्तर: नाही, पण डब्यासमोरची जागा सोडावी लागेल, प्लगशिवाय जाणं सोडावं लागेल, आणि तपासणीत घट निघाली तर गाडीवर बसणंही.

सुतळी बॉम्ब आणि माकडं-डुकरं पळवायला वावरात वाजवतात त्या कार्बाइडच्या पाइपबंदुका वेगळ्या प्रकारात मोडतात. त्यांना कोटा लागू नाही. फटाक्यांसाठी आपल्या देशात चार मीटर अंतरावरून मोजून १४५ डेसिबलच्या क्षणिक टोकाची मर्यादा आहे, आणि हातभर अंतरावर कान असेल तर एकच बार पुरतो, पडदाही फाटू शकतो.

इथे जरा विषयांतर. वरातीत बाप लेकराला खांद्यावर घेऊन डब्यासमोर नाचतो, हे पाहून माझं डोकं फिरतं. त्या लेकराला कुई म्हणजे काय हे सांगताही येत नाही, शाळेत ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हा नियम २००० सालापासून आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. गावात तक्रार करणारा एकटा पडतो हे मान्य. पण लेकराला मागे नेण्यासाठी पोलीस लागत नाहीत.

इअरबडबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण अभ्यासिकेत बसता म्हणजे वापरत असाल. भरतीची लेक्चरं शांत खोलीत अर्ध्या आवाजावर पाच तास ऐकली तरी मला चिंता नाही. चिंता एसटीत आणि मोटारसायकलवर वाढवलेल्या आवाजाची आहे. एक हात अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि इअरबड असताना कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. डीजेत इअरबड नुसते खोचून ठेवणं हा प्लगला पर्याय नाही.

आता तपासणी. प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक पट्टीतला किती बारीक आवाज ऐकू येतो ते मोजणारी चाचणी, करून घ्या, आवाजबंद खोलीत. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ब्रह्मपुरीहून चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर यांपैकी जे सोयीचं पडेल ते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं आहेत, वर्ध्याकडे जाणं होत असेल तर सेवाग्रामचं रुग्णालय. जाण्याआधी फोन करा, कारण मशीन असतं आणि माणूस रजेवर असतो असंही होतं. डीजेच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. दोन दिवस शांत गेल्यावरच जा, नाहीतर थकलेला कान आणि बिघडलेला कान यांतला फरक कळणार नाही. तिथे सांगा की मोठ्या आवाजात राहतो, ३००० आणि ६००० हर्ट्झसुद्धा तपासा. गर्दीच्या ओपीडीत या दोन पट्ट्या बऱ्याचदा सोडल्या जातात. सोय असेल तर ओएई ही चाचणीही मागा, तिच्यात बाहेरच्या केसपेशींची अवस्था कळते, कधी कधी ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखाच्या, आधी. कागद हातात आला की ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नका. आकडा जितका कमी तितकं ऐकणं चांगलं. सगळीकडे ५-१० डेसिबल आणि ४००० वर २०-२५, पुढे ८००० ला पुन्हा सुधारलेलं, असा खड्डा असेल तर तो नॉर्मलच्या हद्दीत असूनही आवाजाने झालेला असण्याची शक्यता मोठी आहे.

मेडिकलचं म्हणाल तर प्रत्येक भरतीचे निकष त्यांच्या नियमावलीत असतात, ते आधी वाचा. लहान खड्डा असलेल्या माणसाचं बोलणं-ऐकणं सहसा चांगलं असतं. मेडिकलच्या आधीच्या आठवड्यात मात्र डीजे, फटाके, हडंबा सगळं बंद ठेवा. घट भरून काढणारी गोळी, थेंब किंवा काढा नाही. कुईवर खात्रीचा इलाज म्हणून कोणी महागडा कोर्स विकत असेल तर पैसे भरतीच्या बुटांवर घाला.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. डीजेनंतर असो की सकाळी उठल्यावर, एक कान अचानक बंद झाला, किंवा घसरल्यासारखा एकदम कमी झाला, सोबत चक्कर असो-नसो, तर मळ असेल म्हणून आठ दिवस थेंब टाकत बसू नका. तीन दिवसांच्या आत, जमल्यास त्याच दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. या आजारात स्टेरॉइड लवकर सुरू केलं तर ऐकू येणं परत येण्याची शक्यता वाढते, आणि दोन आठवडे गेल्यावर ती बरीच घटते. सीझनमध्ये ‘वरात उरकून जातो’ म्हणणारे येतात, तोवर बऱ्याचदा ती वेळ गेलेली असते. कुई दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली तर एवढी घाई नाही, पण त्याच आठवड्यात तपासून घ्या.